डाव्या कोपऱ्याची जागा

पुणे-सोलापूर रस्त्यावरील कासुर्डी हे दौंड तालुक्यातील माझे गाव. पंचक्रोशीत ऊस पुष्कळ. दिवाळीच्या सुमारास तोडणीच्या टोळ्या येऊन उतरत आणि चैत्रात आपापल्या मुलखास परत जात. मी ज्या शाळेत शिक्षक होतो, तेथे त्या टोळ्यांची मुले चार-पाच महिने येऊन बसत. एका वर्षी त्यांतील एक मुलगा आमच्या हुतुतूच्या संघात डाव्या कोपऱ्यावर उभा राहू लागला. चढाई करणारा परत वळला रे वळला की याने त्याचा घोटा धरलाच म्हणून समजावे. त्या माघात आम्ही तालुक्याचे सामने जिंकले. पुढील वर्षी त्याची टोळी दुसऱ्या शिवारात उतरली, आणि तोच मुलगा आमच्याविरुद्ध उभा राहिला. आम्ही हरलो, हे सांगावयास नकोच. गावकरी त्या पोराला बोल लावू लागले. परंतु चूक माझी होती. तो जाणार हे ठाऊक असूनही त्या जागेसाठी मी दुसरा मुलगा तयार केला नव्हता.

या लहानशा गोष्टीत जे घडले, तेच आज प्रो कबड्डी लीगमध्ये कोट्यवधी रुपयांच्या हिशेबाने घडते. सामने संपल्यावर आणि पुढचे सुरू होण्यापूर्वी मैदाने रिकामी असतात. परंतु संघांचे बरेचसे भवितव्य त्याच काळात ठरत असते. ते कसे, हे आज आपण पाहू.

ही स्पर्धा २०१४ साली सुरू झाली. हंगामाआधी खेळाडूंचा लिलाव होतो. प्रत्येक संघास खर्चाची सारखीच मर्यादा असते. २०२३ च्या लिलावात ती ५ कोटी रुपये होती, आणि तेवढ्यात निदान १८ खेळाडूंचा संघ उभा करावयाचा होता. काही जुने खेळाडू संघास आपल्याकडे राखता येतात. सोडलेल्या खेळाडूवर दुसऱ्या संघाने अखेरची बोली केली, तर तेवढीच रक्कम मान्य करून त्यास परत घेण्याचा हक्कही मर्यादित प्रमाणात मिळतो. थैली सर्वांची सारखी असल्यामुळे एकावर अधिक खर्चिले की दुसऱ्यावर हात आखडावा लागतो. आणि आपण सोडलेला मोहरा बहुधा प्रतिस्पर्ध्याच्याच पटावर जाऊन बसतो.

आता आपल्या पुण्याच्याच संघाचे उदाहरण घेऊ. २०२२ च्या लिलावात पुणेरी पलटणने इराणचा विख्यात बचावपटू फजल अत्राचली यास १ कोटी ३८ लाख रुपयांस घेतले. त्याची जागा डाव्या कोपऱ्याची. त्या वर्षी पुणे प्रथमच अंतिम सामन्यास पोहोचले आणि जयपूरकडून ३३-२९ असे हरले. पुढील वर्षी फजल गुजरातकडे गेला. म्हणजे पुण्याचा डावा कोपरा रिकामा झाला. तेव्हा पुण्याने त्याच जागेवर खेळणारा दुसरा इराणी खेळाडू, पाटण्याच्या संघातील मोहम्मदरेझा शादलुई, २ कोटी ३५ लाखांस घेतला. थैलीचा जवळजवळ अर्धा भाग एका खेळाडूवर! पुष्कळांस हा अविचार वाटला असेल. तथापि पुण्याने त्यापूर्वीच आपल्या तरुण मुलांची फळी राखून ठेवली होती. नगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार कर्णधार होता. मोहित गोयत, अबिनेश नादराजन, संकेत सावंत ही मंडळी एकमेकांच्या हालचाली ओळखत होती. उणीव होती ती एकाच जागेची. ती भरताच संघ परिपूर्ण झाला. साखळीतील २२ सामन्यांपैकी १७ जिंकून पुणे अग्रस्थानी राहिले, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरयाणाचा २८-२५ असा पराभव करून पहिल्यांदाच विजेते ठरले.

त्याच लिलावातील दुसरे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. पवन सेहरावत हा चढाईतील अग्रगण्य खेळाडू तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजारांस घेतला. उरलेल्या रकमेत निदान सतरा गडी बसवावयाचे, म्हणजे माणशी सरासरी चौदा लाख. पवनच्या पराक्रमाविषयी कोणासच शंका नव्हती. परंतु चढाईत गुण आणणारा बाद होऊन बाहेर बसला, तर त्यास परत आत आणावयास मागे भक्कम पकड लागते. तेलुगू संघ त्या हंगामात अवघे दोनच सामने जिंकून तळाशी राहिला. सर्वांत महाग खेळाडू घेतल्याने संघ बळकट होतोच असे नाही, हे यावरून ध्यानी यावे.

कथा येथेच संपत नाही. अंतिम सामन्यात तीन गुणांनी हरलेल्या हरयाणाने ऑगस्ट २०२४ च्या लिलावात शादलुईस २ कोटी ७ लाखांस आपल्याकडे नेले. एकाच सौद्याने विजेत्याचा कोपरा उघडा पडला आणि उपविजेत्याचा भक्कम झाला. त्यात अस्लम इनामदार जायबंदी झाला. पुणे पहिल्या सहांतही आले नाही. हरयाणाने मात्र २९ डिसेंबर २०२४ रोजी, तेही पुण्यात बालेवाडीस, पाटण्याला ३२-२३ असे नमवून आपले पहिले विजेतेपद मिळविले.

मग शादलुई जेथे, विजय तेथे, असे म्हणावयाचे काय? पुढील वर्षी गुजरातने त्यास २ कोटी २३ लाखांस घेतले, आणि गुजरात पहिल्या आठांतही पोहोचले नाही. उलट, त्यास गमावलेले पुणे २०२५ मध्ये आपल्या तरुणांच्या बळावर पुन्हा साखळीत अग्रस्थानी आले. अंतिम सामन्यात दिल्लीने त्यांस ३१-२८ असे हरविले. आणि त्या दिल्लीच्या बचावात कोण होता? २०२२ साली पुण्याचा डावा कोपरा राखणारा फजल अत्राचली!

ही रीत काही आपल्याकडचीच नव्हे. अमेरिकेत बेसबॉल या खेळाचे सामने हिवाळ्यात बंद असतात, आणि त्याच दिवसांत खेळाडूंची देवघेव चालते. १९१९ च्या डिसेंबरात बोस्टनच्या संघाने बेब रूथ हा आपला अलौकिक खेळाडू न्यूयॉर्कला विकला. न्यूयॉर्कला तोपर्यंत एकदाही जगज्जेतेपद लाभले नव्हते. ते १९२३ मध्ये लाभले. १९१८ साली जिंकलेल्या बोस्टनला मात्र पुढील विजयासाठी २००४ सालापर्यंत वाट पाहावी लागली. तेथेही दोष केवळ एका विक्रीचा नव्हता. त्यानंतरही बोस्टनचे चांगले खेळाडू एकामागून एक न्यूयॉर्ककडे जात राहिले.

तेव्हा श्रोतेहो, लिलावाची बातमी वाचताना आपण रकमेकडे पाहून थक्क होऊ नये. तीन प्रश्न विचारावेत. संघात कोणती जागा रिकामी होती? नवा गडी त्याच जागेचा आहे काय? आणि त्याच्या शेजारी उभे राहणारे जुने सोबती शिल्लक आहेत काय? या तिहींची उत्तरे समाधानकारक असतील, तर संघाकडून आशा धरावी. चौथा प्रश्न संघ चालविणाऱ्यांसाठी आहे: हा गडी उद्या गेला, तर त्याच्या जागी उभे राहावयास आज कोण शिकत आहे?

त्या पराभवानंतरच्या वर्षी मी दुय्यम फळीतील दोन मुलांस रोज संध्याकाळी डाव्या कोपऱ्यावर उभे करू लागलो. त्यांतील एकाची पकड कधीच बसली नाही. दुसऱ्याची बसली, आणि तो शाळा सोडीपर्यंत आमचा कोपरा पुन्हा उघडा पडला नाही.