साडेतीन टक्क्यांचं दार

मार्चअखेरची एक संध्याकाळ. अमेरिकेतल्या हजारो घरांत बारावीतली मुलं लॅपटॉप उघडून बसलेली असतात आणि आई-वडील मागे उगाचच येरझारा घालत असतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन अशा आठ ‘आयव्ही लीग’ विद्यापीठांचे निकाल त्या एकाच दिवशी लागतात. बहुतेकांच्या वाट्याला नकार येतो. 2021 मध्ये हार्वर्डकडे 57,435 अर्ज आले आणि त्यांतल्या 1,968 जणांना प्रवेश मिळाला. म्हणजे शंभरात साडेतीनसुद्धा नाहीत.

पण आदल्या वर्षीचा आकडा शेजारी ठेवला की चित्र बदलतं. 2020 मध्ये अर्ज होते 40,248 आणि निवडले गेले 1,980. जागा जवळपास तेवढ्याच, अर्ज मात्र वर्षभरात 17 हजारांनी वाढलेले. करोनामुळे परीक्षा केंद्रं बंद पडली होती, म्हणून हार्वर्डने एसएटी परीक्षेचे गुण ऐच्छिक केले. गुण कमी म्हणून ज्यांनी तिकडे फिरकायचाही विचार केला नसता, त्यांनीही ‘टाकून तर बघू’ म्हणत अर्ज टाकला.

अर्ज टाकणं सोपं कसं झालं, याची गोष्ट त्याहून जुनी आहे. 1975 मध्ये 15 खासगी कॉलेजांनी मिळून एक सामाईक फॉर्म काढला. त्या ‘कॉमन अ‍ॅप’मध्ये आज हजाराहून जास्त संस्था आहेत. 650 शब्दांचा एक निबंध, जास्तीत जास्त दहा उपक्रमांची यादी, प्रत्येक उपक्रमाच्या वर्णनाला अवघी 150 अक्षरं. एवढं एकदा भरलं की तोच फॉर्म वीस ठिकाणांपर्यंत पाठवता येतो. वीस ठिकाणी अर्ज करणारी मुलगी एकच असते, शिकायलाही ती एकाच ठिकाणी जाणार असते. पण वीस विद्यापीठांच्या छेदात तिची भर पडते. अंश तसाच राहून छेद फुगला की टक्का घसरणारच.

शिकागो विद्यापीठ हे याचं ठळक उदाहरण. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे अर्ज करणाऱ्यांपैकी तीनचतुर्थांश मुलांना प्रवेश मिळायचा. विद्वत्तेचा दबदबा मोठा, पण त्या वाटेला जाणारे मोजके. निबंधाचे प्रश्नही तऱ्हेवाईक. 2008च्या सुमारास शिकागो कॉमन अ‍ॅपमध्ये गेलं, जाहिरातीचा जोर वाढला आणि आज तिथला टक्का पाचाच्या आसपास आहे. तऱ्हेवाईक प्रश्न पुढेही विचारले गेलेच; त्यांतला एक तर नुसता ‘एक्स शोधा’ असा होता.

म्हणून अमेरिकेत कॉलेज मिळणंच दुरापास्त झालंय असं समजू नये. प्यू रिसर्च सेंटरने 2017च्या आकडेवारीवरून 1,364 चार-वर्षीय कॉलेजं तपासली. दहा टक्क्यांपेक्षा कमी अर्जदारांना घेणारी त्यांत फक्त 17 निघाली. निम्म्याहून अधिक कॉलेजं तिघांतल्या दोघांना किंवा त्याहून जास्त जणांना घेत होती. बातम्या होतात त्या या 17 कॉलेजांच्या.

या मोजक्या दारांतून आत कोण जातं, हा खरा वादाचा मुद्दा. सीईटी, मेरिट लिस्ट आणि कॅप राउंडला सरावलेल्या मराठी पालकाला इथे चक्रावायला होतं. तिथे गुणानुक्रमाची यादी लागत नाही. गुण, निबंध, शिफारसपत्रं, खेळ, घरची परिस्थिती असं सगळं एकत्र तोललं जातं. या तोलण्यात कोणाचं पारडं जड, हे हार्वर्डवरच्या एका खटल्यात उघड झालं: माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी साधारण तिघांत एकाला प्रवेश मिळत होता, बाकीच्यांत शंभरात सहाच जणांना. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2023 मध्ये दाखवून दिलं, की एसएटीचे गुण सारखे असले तरी सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतलं मूल अशा नामवंत संस्थांत पोचण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून जास्त असते. कॅलिफोर्नियाने 2024 मध्ये खासगी विद्यापीठांतल्या या वारसा-सवलतीवर बंदी घालणारा कायदा केला.

वंशाचा विचार वेगळा. आपल्यासारख्या राखीव जागा तिथे सर्वोच्च न्यायालयाच्या 1978च्या निकालापासूनच निषिद्ध आहेत. वंश हा अनेक निकषांपैकी एक, एवढीच मुभा होती. आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांवर अन्याय होतो, अशी तक्रार घेऊन एक संघटना हार्वर्डविरुद्ध न्यायालयात गेली; वर उल्लेखलेला खटला तो हाच. भारतीय वंशाची मुलंही याच ‘आशियाई’ रकान्यात मोजली जातात. 29 जून 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मुभाही काढून घेतली. वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला, हे विद्यार्थी निबंधात लिहू शकतो, इतकंच शिल्लक राहिलं.

पुढच्याच वर्षी एमआयटीच्या पहिल्या वर्गात कृष्णवर्णीयांचं प्रमाण सुमारे 13 टक्क्यांवरून पाचावर आलं आणि आशियाई सुमारे 40 वरून 47 वर गेले. अ‍ॅम्हर्स्टमध्ये कृष्णवर्णीय 11 वरून तीनवर उतरले. येलमध्ये मात्र ते 14 टक्क्यांवर कायम राहिले आणि आशियाईच 30 वरून 24 वर आले. एकच निकाल, पण प्रत्येक विद्यापीठाची चाळणी वेगळी.

हार्वर्डने आता एसएटी पुन्हा सक्तीची केली आहे. त्यानंतरच्या पहिल्या फेरीत, 2025च्या प्रवेशासाठी, अर्ज 47,893 वर उतरले आणि टक्का 4.2 वर चढला. कागदोपत्री दार थोडं रुंदावलं. त्याच दारातून आत गेलेल्या वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थी साडेअकरा टक्के होते. दोन वर्षांपूर्वी ते 18 टक्के होते.