डुकराचं नशीब आणि शाळेचा पुडा

नववर्षाच्या सुमारास एखाद्या जर्मन घरात कुणी तुमच्या तळहातावर गुलाबी डुक्कर ठेवलं, तर रागावू नका. ते बदाम आणि साखरेच्या मार्झिपानचं असतं, आणि देणाऱ्याची इच्छा एवढीच असते की येतं वर्ष तुम्हाला भरभराटीचं जावो. गाडी सुटता सुटता मिळाली, किंवा परीक्षेत नेमका वाचलेलाच प्रश्न आला, की जर्मन माणूस म्हणतो, ‘श्वाइन गेहाप्ट!’ म्हणजे ‘डुक्कर मिळालं!’ शिवी द्यायलाही हाच प्राणी आणि नशीब उघडायलाही हाच. जुन्या काळी नेमबाजीच्या स्पर्धेत शेवटच्या नंबराला सांत्वन म्हणून डुक्कर देत, त्यावरून हा प्रयोग आला असं सांगतात. थट्टा झाली खरी, पण हरणाऱ्याच्या घरी थंडीभराची सोयही झाली!

जर्मन म्हणजे यंत्रं आणि तत्त्वज्ञान, अशी आपली समजूत. रोजच्या बोलण्यात मात्र ही भाषा थेट खाटकाच्या दुकानात शिरते. ‘दास इस्ट मिअर वुर्स्ट’ म्हणजे शब्दशः ‘ते मला सॉसेज आहे’, आणि अर्थ ‘मला काय त्याचं!’ पण सामन्याची शेवटची दोन मिनिटं उरली की तोच माणूस ओरडतो, ‘आता सॉसेजचा सवाल आहे!’ पूर्वी जत्रेतल्या शर्यतींत बक्षीस म्हणून सॉसेज लावत, त्याची ही आठवण असावी. एकच पदार्थ कवडीमोलही आणि सर्वस्वही. सॉसेज आलं की मोहरी आलीच, म्हणून न विचारता मधे तोंड घालणारा ‘आपली मोहरी वाढतो’. सुधारण्याच्या पलीकडे गेलेल्या माणसाबद्दल ‘हॉप्स आणि माल्ट दोन्ही वाया गेले’ असं म्हणतात. बव्हेरियाच्या १५१६च्या फर्मानानुसार बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढंच चालायचं. घाणा बिघडला की सगळंच मातीमोल.

मला सर्वांत आवडतो तो स्टेशनचा वाक्प्रचार. समोरचा काय बोलतोय ते अजिबात कळलं नाही, तर जर्मन माणूस म्हणतो, ‘मला फक्त स्टेशन कळतंय’. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला थकलेल्या सैनिकांच्या मनात घरी नेणाऱ्या गाडीशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं, तिथून हा प्रयोग रुळला अशी समजूत आहे.

असे वाक्प्रचार वहीत उतरवून घोकले तर आठवड्यात विसरतात. ते प्रसंगासकट घेतले पाहिजेत. शब्दसुद्धा तसेच. ‘शुलट्यूटे’ हा शब्द घ्या. शूल म्हणजे शाळा, ट्यूटे म्हणजे कागदाचा पुडा. सहा वर्षांचं मूल पहिल्यांदा शाळेत जातं, त्या दिवशी त्याच्या हातात पुठ्ठ्याचा एक रंगीत शंकू असतो. तो मुलाच्या कमरेच्याही वर पोचतो, तोंडाशी जाळीदार कापड रिबिनीनं बांधलेलं असतं, आत गोळ्या, चॉकलेटं, रंगपेन्सिली. ही चाल एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॅक्सनी आणि थुरिंगिया भागांत सुरू झाली. तिथे मुलांना सांगत, शाळेत एक झाड आहे, त्याला हे पुडे लागतात. ते पिकले की शाळेत जायची वेळ झाली. ड्रेस्डेनमध्ये वाढलेले लेखक एरिख केस्टनर यांनी आपल्या बालपणाच्या आठवणींत हा पुडा हातातून निसटून सगळा खाऊ जमिनीवर सांडल्याचं लिहिलं आहे. एवढं वाचल्यावर ‘ट्यूटे’ कोण विसरेल?

व्याकरणाची भीती घालणारे पुष्कळ भेटतात. मार्क ट्वेननं १८८० साली या भाषेवर सणसणीत निबंध लिहिला. मुलीला ‘मेडशेन’ म्हणायचं आणि शब्द नपुंसकलिंगी, याची त्यानं यथेच्छ टिंगल केली. मराठी माणसाला यात काय नवल? आपण दिवसभर ‘ते पोरगं’, ‘ते कार्टं’ म्हणत असतो. लाडानं लहान करणारा ‘शेन’ प्रत्यय लागला की जर्मन शब्द नपुंसकलिंगी होतो, बस्स. एकवीसला जर्मन माणूस ‘एक आणि वीस’ म्हणतो. आपणही एक आधीच उच्चारतो. पोटवाक्यात क्रियापद शेवटी जातं, तर आपल्याकडे ते एरवीही शेवटीच बसलेलं असतं. इंग्रजीच्या वाटेनं जर्मनकडे गेलो म्हणूनच ती अवघड वाटते, असं माझं स्पष्ट मत आहे.

खेळांतही ओळखीचं बरंच सापडतं. ‘श्टाट, लांट, फ्लुस’ म्हणजे शहर, देश, नदी. एक अक्षर घ्यायचं आणि रकाने भरायचे. आपला नाव, गाव, फळ, फूलच की! पण खरी गंमत ‘मेन्श एर्गेरे दिश निश्त’ या खेळात आहे. म्युनिकच्या योझेफ फ्रीडरिश श्मिट यांनी तो १९०७-०८च्या हिवाळ्यात तयार केला, १९१४पासून तो मोठ्या प्रमाणावर निघू लागला आणि महायुद्धात त्यांनी ३,००० संच लष्करी इस्पितळांना पाठवले. लुडोसारखंच या खेळाचं मूळ आपल्या पचिसीत. नावाचा अर्थ ‘माणसा, चिडू नकोस’, आणि नकार मराठीसारखाच शेवटी.

तेव्हा घरात लुडोचा पट असेल तर काढा. फाशावरचे आकडे जर्मनमध्येच म्हणा: आइन्स, त्स्वाय, द्राय, फीअर, फ्युन्फ, झेक्स. सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर निघत नाही, त्यामुळे ‘झेक्स’ सर्वांत आधी पाठ होईल. आणि घराच्या दारात पोचलेली सोंगटी मारली गेली, तर खुशाल ‘मिस्ट!’ म्हणा. अर्थ शेणखत, चारचौघांत चालतं.