पाझर वेगळा, गळती वेगळी



गेल्या आषाढात आमच्याकडच्या एका गटाची मासिक बैठक होती. बचत जमा झाली, हप्ते झाले आणि कर्जाची मागणी घ्यायची वेळ आली. एरवी मागणी असते बियाण्याची, शेळीची, नाहीतर पोरांच्या फीची. त्या दिवशी एका काकूंनी 4,000 रुपये मागितले, ते ‘पावडरीसाठी’. कसली पावडर? तर आतड्याची गळती बंद करणारी.

काकूंचं पोट सात-आठ महिने ठीक नव्हतं. जेवलं की फुगायचं, जळजळायचं, कधी पातळ व्हायचं, कधी चार-चार दिवस साफ नाही. थकवा तर असा की खुरपं हातात धरवेना. मोबाईलवरच्या एका व्हिडिओत नेमकी हीच लक्षणं सांगितली होती आणि दुखण्याचं नावही दिलं होतं, ‘लीकी गट’. इंग्रजीत गट म्हणजे आतडं हे कळेपर्यंत आमच्या सचिवताईंना वाटलं, आपल्या बचत गटाचंच काहीतरी आहे, पैसे गळतायत म्हणून कुणी तक्रार केली की काय!

हसून झालं, पण कर्ज द्यावं की नाही हे कुणालाच ठरवता येईना. आम्ही समन्वयक बी.ए. झालेल्या. आम्हाला खतावणी तपासता येते, आतडं तपासता येत नाही. म्हणून निर्णय एक आठवडा पुढे ढकलला आणि आमच्यातल्या दोघी काकूंना घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं डॉक्टरबाईंनी जे समजावलं आणि नंतर आम्ही जे वाचलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी आतडं म्हणजे काय ते बघू. आपलं लहान आतडं साधारण 20 फूट लांब असतं, पोटात वेटोळं घालून बसलेलं. त्याच्या आतल्या बाजूला अस्तर असतं आणि या अस्तरावर बोटांसारखे बारीक बारीक उंचवटे असतात, जाड टॉवेलवर दोऱ्याचे फासे असतात तसे. अन्नातला रस शोषून घ्यायला जागा जास्त मिळावी म्हणून ही रचना. आता नवल ऐका. या अस्तराची जाडी फक्त एका पेशीची असते. अलीकडे आपण खाल्लेलं अन्न आणि कोट्यवधी जंतू, पलीकडे रक्त, आणि मध्ये एवढाच पडदा. पेशीला पेशी चिकटवणारे सांधे असतात आणि वरून बुळबुळीत चिकट थर असतो. हे अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होतं. आपण सणावाराला सारवतो, आतडं आठवड्याच्या आत सारवून मोकळं.

डॉक्टरबाईंनी आम्हाला विचारलं, “घरी माठ आहे ना? तो पाझरतो का?” पाझरतो म्हणूनच तर पाणी गार होतं. जो माठ पाझरत नाही तो काय कामाचा? आतड्याचंही तसंच आहे. त्यातून पाणी, मीठ, साखर, अन्नाचा सत्त्वांश पलीकडे जायलाच हवा, नाहीतर खाल्लेलं अंगी लागणार नाही. पेशींमधले सांधेसुद्धा गरजेप्रमाणे थोडे सैल होतात, पुन्हा आवळतात. हा झाला पाझर. पण माठाला चीर गेली तर? मग नको ते, म्हणजे जंतूंचे तुकडे, न पचलेल्या अन्नाचे मोठे कण पलीकडे जाऊ शकतात. शरीर त्यांना शत्रू समजतं आणि तिथं सूज येते.

म्हणजे आतड्याचा पडदा सैल पडतो ही गोष्ट खोटी नाही, हे आधीच सांगून टाकतो. व्हिडिओवाला तेवढं खरं बोलत होता. त्याने सांगितलं नाही ते हे, की पडदा सैल पडतो तो कशाने तरी पडतो, आणि ते ‘कशाने तरी’ शोधणं हेच खरं काम आहे.

डॉक्टरबाईंनी काकूंना पोटाबद्दल विचारायच्या आधी गुडघ्याबद्दल विचारलं. “गुडघे दुखतात का? मग काय घेता?” काकूंनी पिशवीतून पट्टी काढली. दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या, सकाळी एक, रात्री एक, आठ महिने. सकाळची तर कोऱ्या चहाबरोबर, उपाशीपोटी. वेचणी असो, खुरपणी असो, गोळी घेतल्याशिवाय काकू रानात पाय ठेवत नव्हत्या.

मैत्रिणींनो, इथं आम्ही जरा थांबतो, कारण हे फक्त काकूंचं नाही. आमच्या बैठकीत नंतर विचारलं तर अर्ध्याअधिक बायकांच्या कनवटीला नाहीतर डब्यात अशी पट्टी निघाली. डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक ही या जातीच्या गोळ्यांची नावं. दुखणं आणि सूज कमी करायचं त्यांचं काम त्या चोख करतात. पण ज्या रसायनामुळे सूज येते, त्याच जातीचं रसायन पोटाच्या आणि आतड्याच्या अस्तराची राखण करत असतं. गोळी दोन्ही बंद पाडते. मग जठरात व्रण होतात, लहान आतड्याचा पडदा सैल पडतो, बारीक बारीक रक्त जात राहतं आणि बाईला वाटतं आपल्याला नुसता थकवा आहे. जेवून गोळी घेतली तर मळमळ कमी होते, पण धोका टळत नाही, कारण गोळी रक्तात मिसळूनही अस्तरावर काम करते. एक-दोन दिवस, डॉक्टरांनी दिली म्हणून घेणं वेगळं आणि महिनोन् महिने आपल्या मनानं घेणं वेगळं. दुखण्यावर पॅरासिटामॉल पोटाला त्या मानाने सौम्य असते, पण तीही बेताबेतानेच, जास्त झाली तर लिव्हरला घातक. आणि पुष्कळदा एकाच गोळीत पॅरासिटामॉल आणि डायक्लोफिनॅक दोन्ही असतात, म्हणून पट्टीमागचं बारीक अक्षर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या. मात्र ज्यांना हृदयासाठी डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन चालू केली आहे त्यांनी हे ऐकून गोळी बंद करायची नाही. आधी डॉक्टरांना विचारायचं.

पडदा सैल पाडणारी दुसरी गोष्ट दारू. त्यावर जास्त बोलत नाही, घराघरात माहीत आहे. एवढंच सांगतो, की दारूने आतड्याचा पडदा सैल झाला की जंतूंचे विषारी अंश रक्तातून थेट लिव्हरकडे जातात. आधीच दारूने सोसत असलेल्या लिव्हरवर हा दुसरा मार. हगवण, गॅस्ट्रोसारखी मोठी लागण झाली की अस्तर खरवडलं जातं, पण ते काही दिवसांत भरूनही येतं. काही ठरावीक आजारांतही पडदा सैल असतो. त्यातला एक म्हणजे सीलिएक. यात गव्हातल्या आणि सातूतल्या चिकट अंशाचं शरीराला वावडं असतं. तो उत्तरेकडच्या गहू खाणाऱ्या भागात जास्त आढळतो, पण आपल्याकडेही असतो. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत तो अंश नसतो. संशय असेल तर गहू बंद करायच्या आधी रक्ताची तपासणी करून घ्यायची. आधीच बंद केला तर तपासणीत आजार सापडत नाही आणि जन्मभर गोंधळ राहतो.

आता लेकरांचं. आम्हाला सगळ्यात जास्त लागलं ते हे. अंगणात कोंबड्या, शेळ्या, गुरं, त्यातच रांगणारं बाळ, हाताला लागेल ते तोंडात. दर वेळी त्याला जुलाब होतीलच असं नाही, पण पोटात घाण सतत जात राहिली की अस्तरावरची ती बोटं आखूड होत जातात, पडदा सैल पडतो आणि खाल्लेलं नीट शोषलं जात नाही. आई म्हणते, “खातंय तर चांगलं, मग वाढत का नाही?” सासू म्हणते, “दृष्ट लागली.” अंगणवाडीच्या वजनकाट्यावर बाळ तिथल्या तिथे. बांगलादेश आणि केनियात या प्रश्नावर मोठे अभ्यास झाले, त्यांचे निष्कर्ष 2018 मध्ये आले. साधे संडास बांधून, हात धुवायला शिकवून, पाणी शुद्ध करून पोरांची उंची वाढते का ते पाहिलं. उंचीत फरक पडला नाही. आम्हीही हे वाचून खट्टू झालो. याचा अर्थ हात धुऊ नका असा नाही. बांगलादेशात जुलाब कमी झाले, तेवढं साधलंच. पण लेकराच्या रांगण्याच्या जागेतली घाण एवढ्या उपायांनी जात नाही, असं बरेच जाणकार म्हणतात. म्हणून बाळाला स्वच्छ चटई किंवा गोधडी टाकून वेगळी जागा करून द्या, कोंबड्या रात्री खुराड्यात आणि खुराडं ओट्यापासून लांब ठेवा.

जुलाब लागलेच तर सैल पडलेल्या आतड्यातही एक दार उघडं राहतं. साखर आणि मीठ एकत्र गेले की आतडं ते दोन्ही ओढून घेतं आणि त्यांच्यामागून पाणीही आत जातं. जलसंजीवनीची सगळी करामत एवढीच आहे. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पाजून पटकीचे असंख्य रोगी वाचवले. आशाताईकडे पुडी मिळते. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. अंदाजपंचे मुठीने टाकू नका, मीठ जास्त झालं तर लेकराला धोका असतो. सोबत आशाताई झिंकच्या गोळ्या देते, त्या 14 दिवस पूर्ण द्यायच्या. जुलाब थांबले म्हणून तिसऱ्या दिवशी सोडायच्या नाहीत, अस्तर भरून यायला त्या मदत करतात.

आता पावडरीकडे येऊ. ‘लीकी गट’ हे एक स्वतंत्र दुखणं आहे, त्यातून थकवा, सांधेदुखी, केस गळणं, चेहऱ्यावरचे वांग सगळं होतं आणि पावडरीने ते बरं होतं, असा प्रचार चालतो. वैद्यकशास्त्रात असं स्वतंत्र दुखणं मानलेलं नाही. पडदा किती सैल आहे हे मोजायची एक रीत संशोधक वापरतात. माणसाला दोन प्रकारच्या साखरा पाजतात, एक बारीक कणाची, एक मोठ्या कणाची, आणि काही तासांनी लघवीत किती किती उतरली ते बघतात. मोठी साखर जास्त उतरली तर चाळणी मोठी झाली असं समजायचं. पण ही अभ्यासासाठीची रीत आहे, दवाखान्यात निदानासाठी नेहमी वापरत नाहीत. म्हणजे मोबाईलवर दहा प्रश्नांची उत्तरं घेऊन कुणी तुमचं आतडं गळतंय म्हणत असेल, तर त्याने मोजलं कशाने, हे त्याला विचारा. आणखी एक. पेशींमधले सांधे आवळणारं एक औषध सीलिएकच्या रोग्यांसाठी तयार केलं होतं, त्याची शेवटच्या टप्प्यातली चाचणी 2022 मध्ये थांबवावी लागली, कारण फायदा दिसेना. एवढी वर्षं, एवढा पैसा घालून जे जमलं नाही ते 2,000 रुपयांच्या डब्यात जमलं असेल?

आमचा खरा राग पैशावर नाही. पावडर घेत बसलेली बाई दवाखान्यात जात नाही, ही चिंता मोठी आहे. शौचात रक्त दिसणं, डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच, विनाकारण वजन उतरणं, पोटदुखीने किंवा जुलाबाने रात्री झोप मोडणं, गिळताना अडकणं, गोळ्या घेऊनही एचबी न वाढणं, चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच पोटाची तक्रार सुरू होणं, यातलं काहीही असेल तर थांबायचं नाही. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळा रंग येतो, त्याला घाबरू नका, पण ती डांबरासारखी चिकट नसते. फरक कळत नसेल तर डॉक्टरांना सांगायला लाजू नका. आम्हालाही हे माइकवर बोलताना आधी अवघड वाटलं होतं.

खाण्याचं सांगायचं तर नवं काही नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी, उसळी, पालेभाज्या. यांतला चोथा मोठ्या आतड्यातले जंतू खातात आणि त्यातून जे तयार करतात त्यावर तिथलं अस्तर पोसतं. ताक, आंबील सोसत असेल तर जरूर घ्या, पण औषध म्हणून नाही, जेवण म्हणून. ज्यांना चोथ्याने पोट फुगतं त्यांनी हळूहळू वाढवा.

काकूंचं काय झालं? एचबी 7.8 निघालं. जिल्ह्याच्या ठिकाणी दुर्बिणीने तपासलं तर जठरात व्रण होता. म्हणजे आतड्याची गळती नव्हतीच, रक्ताची गळती होती. गोळ्या बंद झाल्या, व्रणावर उपचार झाले, गुडघ्यासाठी व्यायाम आणि शेक सुरू झाला. पावडरीचा एक डबा काकूंनी आम्हाला न सांगता आधीच घेतला होता, विकणारीने पैसे परत दिले नाहीत. गटाने 1,500 रुपये कर्ज दिलं, जाण्यायेण्याचं आणि तपासणीचं. तीन हप्ते फिटले आहेत. गुडघे अजून दुखतात, काकू लपवत नाहीत, पण यंदा वेचणीला त्या दुपारपर्यंत येतात आणि दुपारी सावलीला टेकतात.

पुढच्या बैठकीला येताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, अर्ध्या वापरलेल्यासुद्धा, पिशवीत घालून आणा. सासूबाईंच्या उशाखालच्याही. आशाताई येणार आहे, एकेक पट्टी वाचून सांगणार आहे.