फादर डेमियनचा संसार

मिशनरी फादर म्हटलं की आपल्यापुढे एक ठरावीक चित्र उभं राहतं. पांढरा झगा, हातात पुस्तक, मागे शाळा नाहीतर दवाखाना. पण हा माणूस सकाळी उठल्यावर काय काय करतो, त्याच्या गावात पाणी कोण आणतं, छप्पर उडालं तर खिळे कोण ठोकतं, मेलेल्या माणसाची व्यवस्था कोण पाहतं, हे प्रश्न आपल्याला सुचत नाहीत. एरवी हे प्रश्न आपल्या गृहिणींचेच! म्हणूनच फादर डेमियन यांच्याबद्दल वाचत गेले तेव्हा मला त्यांच्या भक्तीपेक्षा त्यांच्या उठाठेवींनी जास्त धरून ठेवलं. लग्न न केलेल्या या माणसाने आठशेएक माणसांचा संसार सोळा वर्षं ओढला, आणि तोही अशा जागी, की जिथे कुणी आपणहून पाऊल ठेवत नव्हतं.

डेमियन मूळचे बेल्जियमचे. १८४० सालच्या ३ जानेवारीला त्रेमेलो या खेड्यात जन्म, वडील धान्याचे व्यापारी. घरचं नाव योसेफ. पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर जायचं होतं खरं म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाने, पण तो ऐन वेळी टायफसच्या तापाने पडला. धाकट्याने वरिष्ठांना परस्पर पत्र लिहून भावाची जागा मागून घेतली. (हा परस्पर पत्र लिहिण्याचा स्वभाव पुढे जन्मभर राहिला आणि वरिष्ठांना फार जड गेला.) १९ मार्च १८६४ रोजी ते होनोलुलूला उतरले, दोनच महिन्यांत त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली आणि रवानगी झाली ती हवाई याच नावाच्या सर्वांत मोठ्या बेटावर. आधी पुना, मग कोहाला. आपल्या पुण्याशी याचा काही संबंध नाही बरं का! ज्वालामुखीच्या राखेचा, दऱ्याखोऱ्यांचा तो मुलूख. एकेका धर्मग्रामाचा पसारा एवढा, की सगळा फेरा पुरा व्हायला आठवडेच्या आठवडे लागत. कधी घोड्यावर, कधी होडीतून, कधी हातापायांवर कडा चढून हे जात. देऊळ नाही म्हणून अडून बसायचं नाही. लाकडं तासून, भिंती उभारून स्वतःच बांधायचं. अंगाने दणकट, हात सुताराचे. हवाईयन भाषाही ते तिथल्या लोकांत राहून शिकले.

नऊ वर्षं अशी गेली. त्या काळात हवाईत कुष्ठरोग फार पसरला होता. (आपल्याकडे याला महारोग म्हणायचे, तो शब्द आता टाकून दिलेलाच बरा.) औषध नव्हतं. १८६५ मध्ये राजाने कायदा केला, की रोग्यांना वेगळं काढावं. जागा निवडली ती मोलोकाई बेटावरची. समुद्रात शिरलेली जमिनीची एक जीभ, तीन बाजूंना खवळलेलं पाणी आणि चौथ्या बाजूला दोन हजार फुटांच्या आसपासचा सरळसोट कडा. तुरुंगाला भिंत घालायची गरजच नव्हती. ६ जानेवारी १८६६ ला पहिले रोगी तिथे उतरवले गेले.

आता यातली बायकांची बाजू पाहा. कायदा नवऱ्याला नेई, पोराला नेई, आईला नेई. निरोगी जोडीदाराला मात्र हवं असल्यास 'कोकुआ' म्हणजे मदतनीस म्हणून सोबत जाता येई. कितीतरी बायका अशा नवऱ्यामागे गेल्या आणि कितीतरी नवरे बायकांमागे. ज्यांना कुणी सोबतीला आलं, त्यांच्या तोंडात निदान घास पडे. ज्यांना कुणीच नव्हतं, त्यांची दशा वाईट. सरकारने कल्पना केली होती, की रोगी शेती करतील, आपलं आपण पिकवून खातील. बोटं झडलेली माणसं शेती कशी करणार, हे कागदावर हुकूम काढणाऱ्याला सुचलं नाही. रोग्याची सेवा ज्याने एक दिवस तरी केली आहे, त्याला ते लगेच सुचलं असतं.

१८७३ च्या मे महिन्यात बिशप मेग्रे यांनी आपल्या धर्मगुरूंपुढे प्रश्न टाकला. मी कुणाला तिथे जा असा हुकूम करणार नाही, पण तिथले लोक धर्मगुरू मागताहेत. चौघे तयार झाले, पाळीपाळीने जायचं ठरलं. पहिली पाळी डेमियन यांची. १० मे रोजी ते पन्नासेक नवे रोगी आणि गुरंढोरं घेऊन निघालेल्या आगबोटीने तिथे उतरले. राहायला घर नव्हतं, सुरुवातीचे दिवस एका झाडाखाली काढले. दुसऱ्या कुणाची पाळी मग आलीच नाही. यांनीच इथे राहू द्या म्हणून मागणी केली.

तिथे गेल्यावर पहिला प्रश्न पाण्याचा. कलावाओ ही वस्ती झऱ्यापासून दूर, आणि पायाला जखमा असलेल्या माणसांनी पाणी आणायचं खांद्यावरून! त्यामुळे अंघोळ नाही, जखमा धुणं नाही, कपडे धुणं नाही. नळावर रांग लावून ज्या बायकांनी दिवस काढले आहेत, त्यांना यातलं दुःख वेगळं समजावून सांगायला नको. डेमियन यांनी सरकारकडून पाइप मिळवले, चालतीफिरती माणसं हाताशी धरली आणि दरीतलं पाणी वस्तीपर्यंत आणलं. मग घरं. लोक गवताच्या खोपटांत राहत. १८७४ मध्ये दक्षिणेकडचं वादळ आलं आणि खोपटं जमीनदोस्त झाली. सरकारने लाकूड पाठवलं आणि फादर हातोडा घेऊन उभे राहिले. छोट्या छोट्या लाकडी घरांच्या रांगा उभ्या झाल्या. पुढे अनाथ मुलांसाठी, मुलींसाठी घरं, आणि सेंट फिलोमिना या चर्चची वाढ.

मग मयताची गोष्ट. ते जाण्याआधी माणूस मेला की गोधडीत गुंडाळून उथळ खड्ड्यात टाकत, आणि रात्री डुकरं, कुत्री उकरून काढत. ज्याला जिवंतपणी कुणी विचारलं नाही, त्याला मेल्यावर तरी नीट पोचवावं, म्हणून डेमियन शवपेट्या स्वतः करू लागले. शेकड्यांनी केल्या. स्मशानाला कुंपण घातलं, प्रेतयात्रेसाठी मंडळ काढलं. त्या मंडळाचा बँड होता, गाणारे होते. वाजवायला बोटं पुरेशी नसत, म्हणून ऑर्गनवर दोघं मिळून बसत असं वर्णन आहे. अशा वस्तीत बँडची काय गरज, असं वाटेल. मला वाटतं, नळाइतकीच होती.

जेवण सरकारी शिध्याचं. हवाईचं मुख्य अन्न 'पोई'. हे पोई म्हणजे आपल्या अळकुड्याच! त्या उकडून, कुटून, पाणी घालून खळीसारखं दाटसर करायचं, एक-दोन दिवस ठेवलं की किंचित आंबतं. सगळे एकाच भांड्यात बोटं घालून खातात, तशी रीतच आहे. फादर डेमियन त्या भांड्यात बोटं घालत. जखमा बांधत, आपला तंबाखूचा पाइप मागितला तर देत. पाइपची सवयही तिथेच लागली. रोग्यांच्या खोपटांतली दुर्गंधी सहन व्हावी म्हणून ते ओढू लागले. सकाळी प्रार्थना आणि मिस्सा, मुलांना शिकवणं, मग घरोघर आजाऱ्यांची फेरी, मग सुतारकाम. भावाला लिहिलेल्या पत्रात, तेही पहिल्याच वर्षी आणि स्वतः धडधाकट असताना, त्यांनी कळवलं की मी प्रवचनात 'आपण कुष्ठरोगी' असंच म्हणतो. सिनेमा-नाटकांत हे वाक्य रोग झाल्यावर त्यांच्या तोंडी घालतात, ते खरं नाही. मला खरी हकीकतच मोठी वाटते.

एकटेपणा मात्र कडक होता. आरोग्य खात्याने बाहेर पडायला बंदी केली. एकदा त्यांचे वरिष्ठ आगबोटीने आले, पण कप्तानाने कुणाला उतरू दिलं नाही की यांना वर चढू दिलं नाही. डेमियन होडीत उभे राहिले आणि वर डेकवर उभ्या असलेल्या वरिष्ठांना फ्रेंचमध्ये ओरडून आपलं पापनिवेदन केलं. चारचौघांत!

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की माणूस अगदी मऊ लोण्यासारखा असेल. छे! हट्टी, तापट, कपड्यांची शुद्ध नाही. दारू गाळून धिंगाणा घालणाऱ्यांवर काठी घेऊन धावत जाणारे. आरोग्य खात्याशी भांडणं, स्वतःच्या वरिष्ठांशी भांडणं. पत्रं लिहून मागण्यांचा असा काही भडिमार, की होनोलुलूतले लोक वैतागून जात. त्यांच्या मृत्यूनंतर तिथल्याच हाइड नावाच्या एका प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाने त्यांच्यावर घाणेरडेपणाचे आणि वाईट चालीचेही आरोप केले. त्याला १८९० मध्ये उघड पत्र लिहून खरपूस उत्तर दिलं ते प्रख्यात कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी. स्टीव्हन्सन स्वतः त्या वस्तीत राहून, लोकांना विचारून आले होते, आणि फादरचे दोष त्यांनी लपवले नाहीत. मला विचाराल तर गोडबोल्या माणसाला त्या सरकारकडून पाण्याचे पाइप मिळाले नसते.

१८८४ च्या अखेरीस एकदा त्यांनी पाय गरम पाण्यात घातला. कातडीला फोड आले, पण चटका कळला नाही. पुढे डॉक्टरांनी निदान पक्कं केलं. गावी म्हाताऱ्या आईपासून त्यांनी हे लपवलं होतं. वर्तमानपत्रातून ते तिच्या कानावर गेलं. १८८६ च्या ऑगस्टमध्ये ती वारली.

हा न कळणारा चटका लक्षात ठेवण्यासारखा आहे, मैत्रिणींनो. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, तो खाजत नाही, दुखत नाही, तिथे स्पर्श कळत नाही. तव्याला बोट लागलं, फोड आला, पण भाजल्याचं जाणवलं नाही, तर सरकारी दवाखान्यात दाखवावं. हा रोग जंतूंमुळे होतो. ते जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी शोधले १८७३ सालीच, म्हणजे डेमियन मोलोकाईला गेले त्याच वर्षी. बहुतेकांच्या शरीरात या जंतूंना तोंड देण्याची ताकद जन्मजात असते. १९८१ पासून बहुविध औषधोपचार आला, सहा महिने ते वर्षभर गोळ्या घेतल्या की माणूस बरा होतो, आणि आपल्याकडे त्या फुकट मिळतात. एवढं असूनही या रोगाच्या कारणावरून घटस्फोट मागण्याची मुभा आपल्या विवाह कायद्यांत होती, ती काढली गेली २०१९ मध्ये! हवाईच्या त्या जुन्या कायद्याने सोबत जाणाऱ्या बायकोला निदान वाट ठेवली होती.

शेवटच्या दिवसांत डेमियन यांना हाताखाली माणसं मिळाली. १८८६ मध्ये अमेरिकेतला जोसेफ डटन नावाचा माजी सैनिक आला, तो पुढे जवळजवळ मरेपर्यंत तिथे राहिला, १९३१ मध्ये वारला. आणि नोव्हेंबर १८८८ मध्ये आल्या मदर मॅरिएन कोप, दोन सिस्टर्सना घेऊन. यांच्याबद्दल स्वतंत्र लेख व्हायला हवा. यांनी आपल्या सिस्टर्सना सांगितलं होतं, की तुमच्यापैकी एकीलाही हा रोग होणार नाही. त्यांची शिस्त कडक आणि साधी: हात धुवायचे, पुन्हा धुवायचे. खरोखरच एकीलाही झाला नाही. मुलींच्या वसतिगृहात त्यांनी झाडं लावली, मुलींना शिवण शिकवलं, चांगल्या कापडाचे झगे शिवून घातले. स्टीव्हन्सन यांनी त्या मुलींसाठी पियानो पाठवला. तीस वर्षं तिथे राहून १९१८ मध्ये त्या वारल्या.

फादर डेमियन १५ एप्रिल १८८९ ला गेले, वय एकोणपन्नास. ज्या झाडाखाली पहिले दिवस काढले, तिथेच त्यांना पुरलं. सक्तीचा एकांतवास तिथे १९६९ मध्ये संपला. तोवर आठ हजारांच्या आसपास माणसं त्या कड्याखाली धाडली गेली होती. १९३६ मध्ये बेल्जियमने डेमियन यांचे अवशेष मायदेशी नेले. २००९ मध्ये पोपनी त्यांना संत म्हणून जाहीर केलं, मदर मॅरिएनना २०१२ मध्ये. त्याआधी १९९५ मध्ये त्यांचा उजवा हात तेवढा कलावाओला परत आणून जुन्या थडग्यात ठेवला आहे.