गुंठ्याला किती ते नंतर, आधी सातबारा बघा!

रायगडच्या किनाऱ्यावर जमिनीला सोन्याचा भाव आलाय. पण ज्यांची जमीन आहे, त्या घरातल्या विशीतल्या मुलामुलींना तिच्याबद्दल नक्की काय माहीत आहे?

वीकेंड आला की अलिबागची एक तरी रील तुमच्या फोनवर येतेच. मांडव्याची जेट्टी, किहीमची सुरूची झाडं, नागावची बनाना राइड, हातात शहाळं. अजून थोडं स्क्रोल केलंत की जाहिरात येते, 'सी-टच प्लॉट, मोजकेच गुंठे शिल्लक'. मुंबई-पुण्याच्या मुलांसाठी ते स्वप्न असेल. पण ही पुरवणी अलिबाग, मुरूड आणि श्रीवर्धनच्या कॉलेजांतही वाचली जाते. आणि जाहिरातीतले ते 'शिल्लक' गुंठे कुणाच्या तरी घरचे असतात. कदाचित तुमच्याच.

भाव कुठून आला?

एक साधी गोष्ट लक्षात घ्या. जमीन तीच आहे, माती तीच आहे, पीकही तेच. बदललंय ते मुंबईपासूनचं अंतर. मार्च 2020 मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाली आणि गाडीसकट समुद्र ओलांडता यायला लागला. 12 जानेवारी 2024 ला 21.8 किलोमीटरच्या अटल सेतूचं उद्घाटन झालं. 1980 ते 82 या काळात मुख्यमंत्री असलेले रायगडचेच बॅ. ए. आर. अंतुले यांच्या डोक्यात जो रेवस-रेडी सागरी मार्ग होता, त्यातल्या खाडीपुलांची चर्चा आता पुन्हा जोरात आहे. पुलाची बातमी आली की भाव हलतो. पूल प्रत्यक्षात व्हायची वाटसुद्धा कुणी बघत नाही.

म्हणजे हा भाव तुमच्या आजोबांच्या मेहनतीचा नाही, रस्त्याचा आहे. आणि रस्त्याची बातमी सगळ्यात आधी कळते एजंटला. सगळ्यात शेवटी कळते ती ओटीवर बसलेल्या आजीला.

विकणारे काही वेडे नाहीत

'लोक जमिनी विकून खातात' असं म्हणणं सोपं आहे. जरा घरातला हिशेब बघा. भाताचं एक पीक. त्यानंतर कुठे वाल, कुठे पांढरा कांदा. अलिबागच्या या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, मान आहे, पण तो पिकतो कार्ले, खंडाळे अशा मोजक्याच गावांत. समुद्रावर पोट असेल तर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. आणि वाडी असेल तर 3 जून 2020 विसरता येत नाही. निसर्ग चक्रीवादळाने मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनकडच्या नारळ-सुपारीच्या बागा एका दिवसात आडव्या केल्या. नवीन रोप लावलं तरी ते फळाला यायला वर्षं जातात. कॉलेजची फी तेवढी थांबत नाही.

त्यामुळे कुणी घरासाठी, आजारपणासाठी, शिक्षणासाठी थोडी जमीन विकली तर त्यात लाज कसली? प्रश्न वेगळा आहे. आपण काय विकतोय, हे कळून विकतोय का?

विकल्यावर जे परत मिळत नाही

हे कदाचित तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. महाराष्ट्रात कुळकायद्याच्या कलम 63 नुसार शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते. शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. म्हणून तर शहरातले कितीतरी लोक 'शेतकरी दाखला' शोधत फिरत असतात. तुमच्या घरात तो आपोआप आहे, कारण सातबाऱ्यावर नाव आहे. पण घरातली शेवटची शेतजमीनही गेली, तर उद्या नोकरी लागून हातात पैसे आले तरी शेतजमीन घेताना शेतकरी असल्याचा पुरावा आणायचा कुठून? पैसे परत कमावता येतात. ही ओळख परत कमावणं फार कठीण.

आणि ती ओळख फुकट मिळालेली नाही. अलिबाग तालुक्यातलं चरी गाव ऐकलंय? 1933 मध्ये चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. हा संप थोडाथोडका नाही, सहा वर्षं चालला. 1934 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे येऊन शेतकऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे 1948 चा कुळकायदा आला आणि 1 एप्रिल 1957 या 'कृषक दिना'पासून कसणाऱ्या कुळाला मालक होण्याचा रस्ता मोकळा झाला. तुमच्या उताऱ्यावर आजोबा-पणजोबांचं जे नाव आहे, त्यामागे ही सगळी गोष्ट असू शकते. सहा वर्षं उपाशीपोटी टिकवलेलं नाव एका दुपारच्या सहीत जाऊ शकतं.

नाव आहे, पण कुणाचं?

आता मुलींनो, हे खास तुमच्यासाठी. समजा, आजोबांची 20 गुंठ्यांची वाडी आहे. दोन मुलगे, दोन मुली, आणि आता हे चौघंच वारस. ढोबळ हिशेबाने प्रत्येकाचे 5 गुंठे, म्हणजे 5,445 चौरस फूट. ऐकायला सोपं आहे ना? पण प्रत्यक्षात आत्याकडून 'हक्कसोड' करून घेतलं जातं. तिने सही करायची, भावाने साडी द्यायची, की विषय संपला. जमिनीला भाव नव्हता तेव्हा यावर कुणी बोललं नाही. आता भाव आलाय, तर त्याच सहीवरून घरं फुटतायत.

कायदा काय म्हणतो? 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं की हा हक्क जन्मापासूनचा आहे आणि 2005 मध्ये वडील हयात होते की नव्हते, याने फरक पडत नाही. हक्क सोडायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण काय सोडतोय ते वाचून ठरवा.

कोळीवाड्यात राहणाऱ्यांचं दुखणं आणखी वेगळं. घर पिढ्यान्‌पिढ्यांचं, पण ते गावठाणात असल्यामुळे त्याचा स्वतंत्र सातबारा नाही. एप्रिल 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी करून घराघराला मिळकत पत्रिका दिली जाते. तुमच्या गावची मोजणी झाली का आणि पत्रिकेवर घरातल्या कुणाकुणाची नावं आली, हे ग्रामपंचायतीत विचारायला काय हरकत आहे?

'सी-टच'ची दुसरी बाजू

समुद्राला चिकटून म्हणजे हवं ते बांधता येईल, असं नाही. भरती रेषेपासून 500 मीटरपर्यंतच्या पट्ट्याला सीआरझेडचे नियम लागतात. 2019 च्या अधिसूचनेत गावांच्या हद्दीतला अगदी किनाऱ्याजवळचा पट्टा 'ना विकास क्षेत्र' आहे. गावात लोकवस्ती किती दाट आहे, यावर तो 50 मीटर की 200 मीटर हे ठरतं. त्यामुळे जाहिरातीतला बंगला कागदावर बसतोच असं नाही. पण स्थानिकांना आहे त्याच घरात, त्याचं रूप न बदलता होमस्टे चालवायची वाट त्यात ठेवलेली आहे. हे महत्त्वाचं. कारण जमीन विकून त्याच बंगल्यावर राखणदार म्हणून लागणं आणि स्वतःच्या घरात चार खोल्या नीट करून पाहुणे ठेवणं, यात मेहनत सारखीच असेल, मालक मात्र बदलतो.

इंडोनेशियाचं उदाहरण बघा. तिथेही किनाऱ्यावरच्या गावांत बाहेरच्यांची रांग लागलीय. पण त्यांच्या 1960 च्या जमीन कायद्यानुसार 'हक मिलिक', म्हणजे पूर्ण मालकी, फक्त तिथल्या नागरिकांनाच मिळते. त्यांचा 'हक' आणि आपला 'हक्क' मुळात एकच शब्द. त्यामुळे बालीत परदेशी माणूस व्हिला घेतो, तो बहुतेकदा ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्याने. मुदत संपली की जमीन मूळ मालकाच्या घरी. तिथेही भांडणं आणि पळवाटा आहेतच. पण 'विकायची' आणि 'ठेवायची' यांच्यामध्ये 'भाड्याने द्यायची' हा तिसरा पर्याय असतो, हे तिथल्या पोरांना माहीत असतं. आपल्याकडेही तो आहे. फक्त जमीन बिनशेती आहे का हे बघून, वकिलाला दाखवून, नोंदणीकृत करारच करायचा.

तुम्ही वकील व्हा, असं कुणी म्हणत नाहीये. पण घरात ऑनलाइन फॉर्म भरणारे तुम्हीच, बँकेचे मेसेज वाचून दाखवणारेही तुम्हीच. मग जमिनीचा कागद तेवढा काकांनीच का वाचायचा? गणपतीला सगळं घर गावी एकत्र येतं. आरती झाली, मोदक खाऊन झाले की उतारा मध्ये ठेवा आणि मोठ्याने वाचा. अर्धं घर ते पहिल्यांदाच ऐकत असेल.

चौकट : सही करण्याआधी

• सातबारा : डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन 15 रुपयांत मिळतो. नावं, क्षेत्र आणि 'इतर हक्क' हा रकाना वाचा. कर्जाचा बोजा, कुळाची नोंद तिथेच दिसते.
• भोगवटादार वर्ग : वर्ग 2 असेल तर सरकारी परवानगीशिवाय विक्री होत नाही.
• आठ-अ : एका खात्यावर गावात एकूण किती जमीन आहे, ते इथे कळतं.
• फेरफार : नावात बदल कधी आणि कशामुळे झाला, याची नोंद. नवीन फेरफाराची नोटीस आली तर हरकत घ्यायला 15 दिवस असतात. ती नोटीस खिशात ठेवू नका.
• विसार, साठेखत, खरेदीखत, कुलमुखत्यारपत्र : चारही कागद वेगळे. कशावर सही करतोय ते नाव वाचूनच पेन उचला. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.