रोमन सुवर्णनाणे : वजन, कस आणि भाव

रोमन साम्राज्यात चांदीचे नाणे नासले, परंतु सोन्याचे टिकले, असे विधान प्राचीन इतिहासाच्या ग्रंथांतून वारंवार वाचावयास मिळते. स्थूलमानाने ते खरे असले, तरी त्यावरून साम्राज्याच्या आर्थिक प्रकृतीविषयी जो निष्कर्ष सहज काढला जातो, तो तपासून पाहणे अवश्य आहे. कोणत्याही धातुनाण्याचा विचार करताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात : नाण्याचे वजन, धातूचा कस आणि इतर नाण्यांच्या तुलनेने त्याचा भाव. या तिहींची गल्लत झाली की ‘टिकले’ या शब्दाला निश्चित अर्थ उरत नाही.

रोम हे मुळात सोन्याचे नाणे पाडणारे राज्य नव्हते. आरंभी तेथे काशाची नाणी चालत. इ. स. पू. २११ च्या सुमारास चांदीचा देनारियस आला आणि प्रजासत्ताकाच्या काळात तोच व्यवहाराचा मुख्य आधार राहिला. हॅनिबलशी चाललेल्या युद्धात, आणि पुढे सुलाच्या काळात, सोन्याची नाणी निघाली. पण ती प्रसंगापुरती होती. ‘ऑरियस’ हे नाणे मोठ्या प्रमाणावर पाडले गेले ते इ. स. पू. ४६ मध्ये, ज्यूलियस सीझरच्या सत्ताकाळात. एका रोमन पौंडास ४० नाणी, म्हणजे प्रत्येकी सुमारे ८ ग्रॅम, हे त्याचे प्रमाण होते. येथे लक्षात ठेवावयाची गोष्ट अशी की, हे नाणे बाजाराच्या गरजेतून जन्मले नाही. सैनिकांना द्यावयाच्या बक्षिसांसाठी व वेतनासाठी ते पाडले गेले. राज्य आणि सैन्य यांच्याशी असलेला हा संबंध पुढे कधीच सुटला नाही.

ऑगस्टसच्या व्यवस्थेत एका ऑरियसचा भाव २५ देनारियस, म्हणजेच १०० सेस्टर्टियस, असा निश्चित होता. इ. स. ६४ च्या सुमारास नीरोने पौंडास ४५ ऑरियस पाडण्यास आरंभ केला, इ. स. २१५ मध्ये काराकाल्लाने ही संख्या ५० वर नेली. म्हणजे सोन्याच्या नाण्याचे वजन घटत गेले. कस मात्र जवळजवळ शुद्ध राहिला. चांदीच्या बाबतीत वजन आणि कस दोन्हींना हात घातला गेला. इ. स. २७० च्या सुमारास चांदीचे म्हणून चालणाऱ्या नाण्यात शेकडा ५ हूनही कमी चांदी उरली होती. अशा स्थितीत २५ देनारियसचा जुना भाव टिकणे शक्यच नव्हते. याच काळात, व्हॅलेरियन व गॅलिएनस यांच्या राजवटीत, सोन्याच्या नाण्यांची वजने अनियमित झाली आणि कसालाही धक्का पोचला. सोने अखंडपणे टिकले, हे विधान येथे तरी खरे ठरत नाही.

डायोक्लीशियनने पौंडास ६० नाणी हे प्रमाण ठरविले. इ. स. ३०१ च्या त्याच्या सुप्रसिद्ध दर-आज्ञेत एक पौंड सोन्याची कमाल किंमत ७२,००० देनारियस दिली आहे, आणि ती लगडीच्या सोन्यास व नाण्यांच्या सोन्यास एकच आहे. हा तपशील अत्यंत महत्त्वाचा होय. राजमुद्रेमुळे सोन्याच्या मोलात काहीही भर पडत नाही, नाणे म्हणजे वजन व कस यांची हमी दिलेला धातूचा तुकडा, हेच तत्त्व येथे राज्याने मान्य केलेले दिसते.

कॉन्स्टंटाइनने या तत्त्वावर स्थिर व्यवस्था उभारली. इ. स. ३०९ च्या सुमारास ट्रीअर येथील टांकसाळीतून त्याचे नवे नाणे ‘सॉलिडस’ बाहेर पडू लागले. पौंडास ७२, म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम, असे त्याचे प्रमाण असून ३२४ नंतर ते संपूर्ण साम्राज्यात प्रचलित झाले. ३२५ च्या एका कायद्यात कराचे सोने तोलून घेताना तराजूची दोरी केवळ दोन बोटांनी धरावी, उरलेली तीन बोटे मोकळी ठेवावी, असा दंडक घातलेला आढळतो. ३६३ मध्ये जूलियनने नगरोनगरी सरकारी तोलणारा नेमण्याची आज्ञा दिली. त्यानंतर काही वर्षांतच शुद्ध केलेल्या सोन्याची निदर्शक अशी अक्षरे सॉलिडसवर दिसू लागतात. नाण्याची विश्वासार्हता सम्राटाच्या मुखवट्यापेक्षा तराजूवर अधिक अवलंबून होती, हे यावरून स्पष्ट होते.

परंतु या स्थैर्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न उरतोच. वजन आणि कस स्थिर राहिले, तरी तांब्याच्या नाण्यातील भाव स्थिर नव्हता. ३०१ च्या दराने ७२,००० देनारियसच्या पौंडातून ७२ सॉलिडस निघाले असते, म्हणजे एकास १,००० देनारियस पडले असते. ईजिप्तमधील पपायरसांवरून पाहता चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात हाच भाव लक्षावधी देनारियसांवर गेलेला दिसतो. ज्याला वेतन सोन्यात मिळे, तो अधिकारी किंवा सैनिक या चढत्या भावापासून सुरक्षित होता. ज्या शेतकऱ्याच्या हाती तांबे येई आणि कर मात्र सोन्यात मागितला जाई, त्याला प्रत्येक हप्त्यास सोने विकत घ्यावे लागे. त्याच शतकातील युद्धविषयक एका प्रबंधाच्या अज्ञात लेखकाने कॉन्स्टंटाइनच्या सुवर्णवर्षावाचा संबंध धनिकांच्या वाढत्या सामर्थ्याशी आणि गरिबांच्या पिळवणुकीशी जोडला आहे. त्याचा रोख राजकीय आहे, हे मान्य केले तरी पपायरसांची साक्ष त्याच्या तक्रारीस सर्वस्वी प्रतिकूल नाही.

साम्राज्याच्या सीमेपलीकडे ऑरियसचे काय झाले, याचा पुरावा आपल्या देशातच विपुल आहे. १८९८ मध्ये पुदुकोट्टै संस्थानात ५०१ ऑरियसांचा ठेवा सापडला. त्यांतील बहुतेक नाण्यांवर सम्राटाच्या मुखवट्यावरच छिन्नीचा घाव आहे. नाणे म्हणून ते रद्द करून केवळ धातू म्हणून वापरण्याचा हा प्रकार असावा, असे सामान्यतः मानले जाते. नाशिक येथील लेण्यात, नहपानाचा जामात उषवदात याच्या लेखात, ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण, अर्थात एका सुवर्णास ३५ कार्षापण, असा हिशेब कोरलेला आहे. हे ‘सुवर्ण’ रोमन की कुषाण, याविषयी मतभेद आहेत. पण सोन्याचा भाव स्थानिक चांदीच्या नाण्यात सांगण्याची पद्धती येथे रूढ होती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. गुप्तकालीन कोरीव लेखांत सुवर्णनाण्यास ‘दीनार’ म्हटलेले आढळते. चांदीच्या देनारियसचे नाव सोन्याला लाभले, याचे कारण ऑरियस हाही ‘सोन्याचा देनारियस’ म्हणूनच ओळखला जात असे.

सॉलिडसचे वजन व कस अकराव्या शतकापर्यंत मोठ्या प्रमाणात अबाधित राहिले. त्या शतकात, चौथ्या मायकेलच्या काळापासून, कस उतरत गेला आणि अखेरीस १०९२ मध्ये आलेक्सिअस कॉम्नेनस यास नवीन सुवर्णनाणे काढावे लागले. सुमारे सात शतकांचे हे आयुष्य चलनाच्या इतिहासात असाधारण होय. तथापि नाण्याचे आरोग्य म्हणजे प्रजेचे आरोग्य नव्हे. संग्रहालयातील निष्कलंक सॉलिडस हातात घेणाऱ्या अभ्यासकाने त्याच्या वजनाची आणि कसाची नोंद अवश्य करावी. परंतु त्याच स्तरात सापडलेली झिजलेली तांब्याची नाणी बाजूस सारू नयेत. तिसऱ्या गोष्टीची, म्हणजे भावाची, कथा सोन्याइतकीच त्या तांब्यातही दडलेली असते.