एका राज्याचे दोन धनी

सुटींत नातवंडें जमलीं, कीं आमच्या माजघरांत दुपारभर फांशांचा एक खेळ चालतो. फांसा वीस पैलूंचा. एक मूल सूत्रधार होतें, बाकीचीं निरनिराळीं सोंगें घेतात आणि कथा सर्वांनीं मिळून पुढें न्यावयाची. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हें त्या खेळाचें नांव. गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन या दोघां अमेरिकन गृहस्थांनीं तो १९७४ सालीं प्रसिद्ध केला.

प्रथम मीं कपाळाला आठ्या घातल्या. राक्षस हवे असतील तर पुराणांत काय थोडे आहेत? त्यांतून १९७७ च्या त्यांच्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्यें आपला राक्षस व्याघ्रमुखी केलेला! वाल्मीकीलाहि तो ओळखूं आला नसता. पण एके दिवशीं धाकट्या नातवानें विचारलें, "आजोबा, एका राज्याचे दोन धनी असले तर तें राज्य कोणाचें?" तेव्हां मी चष्मा लावून जवळ बसलों.

या खेळांत दैत्यांच्या अधोलोकाला 'ॲबिस' म्हणतात. आपलीं पाताळें सातच, आणि तींहि अशीं, कीं विष्णुपुराणांतले नारदमुनि तीं पाहून आल्यावर स्वर्गाहून रम्य म्हणून वाखाणतात. यांचे थर मात्र सहाशें सहासष्ट. हा आंकडा ख्रिस्ती धर्मग्रंथांतला. त्यांतला दोनशें बाविसावा थर म्हणजे कुजक्या चिखलाचें राज्य. तेथें झगटमॉय ही बुरशीची राणी राहते. तिचा वाडा दगडाविटांचा नव्हे, पिवळट व तपकिरी अशा दोन डझन प्रचंड भूछत्रांचा. तिचा शेजारी जुइब्लेक्स. याला तोंड नाहीं, आकार नाहीं, नुसता बुळबुळीत लगदा. सर्वत्र आपलीच बुरशी उगवावी ही तिची इच्छा. सर्व कांहीं विरघळून चिखल व्हावें ही त्याची. दोघेहि सडण्यावरच जगणारे, तरी एकमेकांचे हाडवैरी. आणि कोणीहि कोणाला तेथून हलवूं शकत नाहीं.

२०१५ सालच्या 'आउट ऑफ द ॲबिस' या कथाग्रंथांत हे दैत्य आपलें राज्य सोडून भूमीखालच्या अंधाऱ्या प्रदेशांत येतात. तेथें राणी एका अवाढव्य बुरशीशीं लग्न लावावयास निघते, तों मंडपांत हा चिखलराव भांडायला हजर! राज्य मागें राहिलें, भांडण तेवढें बरोबर आलें. येथें मला हंसूं आलें, पण तें फार वेळ टिकलें नाहीं.

मला मत्स्यपुराणांतलें त्रिपुर आठवलें. लोखंडाचें, रुप्याचें व सोन्याचें अशीं तीन पुरें मयासुरानें बांधलीं आणि पुढें त्यांत अलक्ष्मी, असूया व कलह शिरलीं. मयाला तें स्वप्नांत दिसलें. त्यानें दानवांना बोलावून सावध केलें. त्यांनीं ऐकलें नाहीं, ही गोष्ट वेगळी. पण त्रिपुर कोणीतरी बांधलें होतें, म्हणून त्याच्यासाठीं हळहळणाराहि कोणी होता. या दोनशें बाविसाव्या थरांत बांधणारा कोणी दिसत नाहीं. मला तेंच सर्वांत भयंकर वाटलें.

आमच्या वाड्याच्या मागल्या पडवीचीं कौलें अकरा वर्षें फुटलेलीं आहेत. निम्मी पडवी माझी, निम्मी चुलतबंधूंची. आधीं खर्च कोणीं करावा, एवढाच वाद. श्रावणांत वाशांवर भूछत्रें येतात. खेळाचा सूत्रधार झालेला मुलगा त्या चुलतबंधूंचाच नातू, आणि विचारणारा माझा. प्रश्न खेळांतला होता कीं पडवीचा, हें मीं विचारलें नाहीं.

"राणीच्या बाजूनें जायचें कीं त्याच्या?" सूत्रधारानें पुन्हां विचारलें.

धाकटा म्हणाला, "कोणाच्याच नाहीं. आम्ही आधीं तेथें राहणारीं दुसरीं कोणी आहेत का, तें शोधणार." फांसा टाकला. सतरा आले.

संध्याकाळीं दोघे शिडी घेऊन मागल्या पडवीकडे कौलें मोजावयास निघाले. मीं शिडी धरली. पलीकडच्या खिडकींतून चुलतबंधु पाहत होते. थोड्या वेळानें तेहि चपला घालून आले आणि शिडीची दुसरी बाजू त्यांनीं धरली.